पट्ट्यांना आधी मोजपट्टी लावा: यूव्ही प्रिंटरवरच्या बँडिंगचं एक प्रकरण

काम दिसायला साधं होतं. दीड मीटर रुंद, तीन मीटर लांब फिल्म, सगळीकडे सपाट फिकट करडा रंग आणि मधोमध चार ओळींचा मजकूर. नवख्याला वाटेल, यात बिघडायचं काय? यूव्ही प्रिंटर (अतिनील उजेडाने शाई जागीच वाळवणारं छपाई यंत्र) चालवणाऱ्याच्या मात्र असं काम बघूनच पोटात गोळा येतो. गर्दीच्या फोटोत दहा दोष खपून जातात, ३० टक्के करड्यात एकही खपत नाही.

मी पोचलो तेव्हा तिसरा प्रयत्न टेबलावर पसरलेला होता. कॅरेज (शाई मारणारी हेड घेऊन फिल्मवरून ये-जा करणारा गाडा) धावतं त्या दिशेने, म्हणजे फिल्मच्या रुंदीभर, रेघाच रेघा. यालाच बँडिंग म्हणतात. काही काळपट, काही पांढुरक्या. ऑपरेटर वैतागलेला. "नोझल चेक एकदम साफ आहे हो. हेड चार वेळा साफ केलं. स्टेप वाढवली की काळ्या जातात आणि पांढऱ्या येतात, कमी केली की उलटं." (नोझल म्हणजे हेडमधलं शाईचं बारीक छिद्र, नोझल चेक म्हणजे ती सगळी नीट चालतात का हे बघायची छापील चाचणी, आणि स्टेप म्हणजे कॅरेजच्या एका फेरीनंतर फिल्म जेवढी पुढे सरकते ते अंतर.)

त्याच्या या शेवटच्या वाक्यातच अर्ध्याहून जास्त निदान होतं. ते मला तेव्हा कळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी मशीनबद्दल. रोल-टू-रोल जातीचं, म्हणजे फिल्म एका रोलवरून सुटते आणि दुसऱ्यावर गुंडाळली जाते. प्रत्येक रंगाला एक पिझो हेड, विजेच्या झटक्याने थेंब ढकलणारं. हेडमध्ये ४ ओळींत मिळून १२८० नोझल, इंचाला ६०० या हिशोबाने. १२८० ला ६०० ने भागून २५.४ ने गुणलं की हेडची छपाईची रुंदी निघते: ५४.२ मिलिमीटर. काम ६ पासवर लावलेलं होतं, म्हणजे प्रत्येक जागेवर कॅरेजच्या सहा फेऱ्या, आणि दर फेरीनंतर फिल्म हेडच्या रुंदीच्या सहाव्या हिश्श्याने, ९.०३ मिलिमीटर पुढे सरकायला हवी. शेजारच्या दोन नोझलमधलं अंतर ४२ मायक्रॉन. लहानात लहान थेंब ७ पिकोलिटरचा, म्हणजे हवेत असताना जेमतेम २४ मायक्रॉन व्यासाचा. बँडिंगच्या प्रत्येक तक्रारीत मी हे आकडे वहीत सगळ्यात आधी लिहितो. पुढे जे काही मोजायचं, ते यांच्याशीच ताडून बघायचं असतं.

ऑपरेटरने केलेली धडपड चुकीची नव्हती, क्रम चुकीचा होता. रेघ दिसली की हात आपोआप हेड साफ करण्याकडे जातो. त्याने शाई दाबून सोडली, हेड पुसलं, पुन्हा तेच केलं. मग हेडचं तापमान बघितलं, ते ठरलेल्या ४५ अंशांवर होतं. मग फिल्मवर संशय घेतला, कारण त्रास नवीन रोल चढवल्यापासूनचा होता. त्याच फिल्मचा दुसरा रोल लावला, तरी रेघा तशाच. शेवटी स्टेपच्या आकड्याशी झटापट. तीन तासांत फिल्मसाठी तीन वेगवेगळे आकडे साठवले गेले होते आणि त्यातला एकही बरोबर नव्हता.

मी फक्त मोजपट्टी मागितली. स्टीलची, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची.

एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंत मोजण्यात अर्थ नसतो, तेवढ्यात नजर चुकते. दहा रेघा मोजायच्या आणि दहाने भागायचं. आलं ९ मिलिमीटर. म्हणजे रेघा स्टेपच्या अंतराने पडत होत्या. त्यावरून अजून काही ठरत नाही, कारण तिरकं मारणारं नोझलही आपली खूण स्टेपच्या अंतराने उमटवू शकतं आणि फीडची, म्हणजे फिल्म सरकवण्याची, चूकही. पण बरंच काही बाद होतं. रेघा आडव्या नसून फिल्मच्या लांबीच्या दिशेने असत्या, तर फीडकडे ढुंकूनही न बघता थेट कॅरेजचा पट्टा आणि कॅरेजची जागा सांगणारी एन्कोडरची पट्टी तपासली असती.

फाईलही त्याच झटक्यात बाजूला काढली. हा संशय लोक विसरतात. ८ बिटच्या फाईलमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. शून्यापासून २० टक्क्यांपर्यंतची छटा ३ मीटरवर ताणली तर तिच्या वाट्याला ५१ पायऱ्या येतात आणि दर ५९ मिलिमीटरला डोळ्याला कड दिसू शकते. तो प्रिंटरचा दोष नव्हे. इथे रंग सपाट होता, तरी खात्रीसाठी एक छोटा तुकडा फाईलमध्ये ९० अंश फिरवून छापला. चित्र फिरलं, रेघा जागच्या जागी आडव्याच राहिल्या. म्हणजे दोष मशीनकडेच.

पुढची चाचणी माझ्या आवडीची आहे, कारण तिला काहीच लागत नाही. सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा, प्रत्येकाची ३० टक्क्यांची एकेक उभी पट्टी शेजारीशेजारी छापायची, निदान अर्धा मीटर लांब. पिवळ्यात काही दिसणं अवघड असतं. निळ्या उजेडाचा टॉर्च जवळ असेल तर पिवळी शाई त्यात गडद दिसते आणि रेघा उठून येतात. चारही पट्ट्यांत रेघा बरोबर एकाच ओळीत होत्या. नोझल बिघडलं असतं तर एकाच रंगाने बोंब मारली असती. चार हेडमधली नेमकी त्याच जागेची नोझल एकाच दिवशी रुसतील, असं होत नाही. फिल्म चुकीची सरकली तरच चारही रंग एकदम, एकाच जागी चुकतात.

एवढ्यावर "फीडचाच दोष, स्टेप नीट लावा" म्हणून मी निघालो असतो तर ऑपरेटरच्याच खड्ड्यात पडलो असतो. स्टेप सगळीकडे सारखी चुकत असती तर रेघाही सगळीकडे सारख्या असत्या, एकतर सगळ्या काळ्या नाहीतर सगळ्या पांढऱ्या. फिल्म कमी सरकली की दोन फेऱ्यांची शाई एकमेकींवर चढते आणि काळपट रेघ पडते. जास्त सरकली की फट राहते आणि पांढुरकी. इथे एकाच तुकड्यावर दोन्ही प्रकार होते. पांढऱ्या रेघा सहा-सात, लगोलग. मग वीसेक काळपट. पुन्हा सहा-सात पांढऱ्या.

म्हणून दुसरं माप घेतलं: पांढऱ्यांचा एक घोळका सुरू होतो तिथपासून पुढचा घोळका सुरू होतो तिथपर्यंत. तीन घोळके मोजले, सरासरी आली २५१ मिलिमीटर.

फीड रोलरचा व्यास ८० मिलिमीटर. गुणिले ३.१४१६. २५१.३.

इथवर यायला पाऊण तास लागला आणि एकाही स्क्रूला हात लावलेला नव्हता. तरी आकडे योगायोगाने जुळू शकतात, म्हणून तेच काम ६ ऐवजी ८ पासवर छापलं. आता स्टेप ६.८ मिलिमीटरची झाली. बारीक रेघा मुकाट्याने ६.८ च्या अंतरावर येऊन बसल्या. मोठा घोळका मात्र २५१ वरून हलला नाही. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदललं तरी जे अंतर बदलत नाही, ते लोखंडातून येतं. रोलरच्या उघड्या टोकावर मार्करने खूण केली आणि ती खूण वर आली की फिल्मच्या कडेवरही एक टिंब काढायचं, असं पाच फेरे केले. टिंब दरवेळी पांढऱ्या घोळक्यापासून तेवढ्याच अंतरावर.

इथे माझी चूक झाली. रोलरच्या फेऱ्याशी बँडिंग जुळलं की अनुभवी माणसाच्या तोंडून एकच शब्द निघतो: रोलर वाकलाय. किंवा बेअरिंगमध्ये खेळ आहे, रोलर केंद्रातून सरकलाय. मी तसं बोलूनही गेलो. रोलर बदलणं म्हणजे मशीन किती दिवस बंद राहील याचा हिशोब सुरू झाला, आणि त्या गडबडीत अर्धा तास गेला.

चुकतंय हे लक्षात आलं ते पुन्हा त्या तुकड्याकडे बघताना. केंद्रातून सरकलेला रोलर हळूहळू चुकतो आणि हळूहळू सावरतो. अर्धा फेरा जास्त, अर्धा फेरा कमी, मधे सावकाश चढउतार. इथे चढउतार नव्हताच. पाव फेरा पांढरा, उरलेला पाऊण फेरा एकसारखा काळपट, आणि दोहोंमध्ये सरळ उंबरठा. शिवाय एक गोष्ट पहिल्यापासून डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. पांढऱ्या रेघा डावीकडे जाड होत्या आणि उजवीकडे जाताजाता पाचरीसारख्या निमुळत्या होत विरून जात होत्या. रोलर सरळसोट केंद्रातून सरकला असता तर तो रुंदीभर सारखाच चुकला असता. इथे फक्त डावी बाजू जास्त ओढली जात होती.

मशीनची वीज बंद केली, फिल्म दाबून धरणारे पिंच रोलर उचलले, फिल्म काढली. हातमोजे घातले, कारण असल्या जागी न वाळलेली यूव्ही शाई साचलेली असते आणि ती कातडीला लागलेली बरी नव्हे. मग रोलर हाताने सावकाश फिरवत डाव्या टोकाला बोट टेकवून ठेवलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. बोटाला एक कड लागली.

पारदर्शक दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा. परिघाच्या दिशेने साधारण ६० मिलिमीटर लांब. एक बाजू रोलरला घट्ट, दुसऱ्या बाजूवर धूळ बसून चिकटपणा गेलेला आणि रंग रोलरच्या रंगात मिसळून गेलेला. नवीन रोल चढवताना जुन्या फिल्मच्या शेपटाला नव्या फिल्मचं तोंड चिकटवून आत ओढून घ्यायचं, ही तिथली रीत. तसा सांधा रोलरवरून जाताना पट्टीचा तुकडा मागे राहिला होता. रोल नवीन चढला तेव्हापासून त्रास, ही ऑपरेटरची तक्रार अक्षरशः खरी होती. फक्त गुन्हेगार फिल्म नव्हती.

इतक्या पातळ तुकड्याने एवढा गोंधळ? सोलून मायक्रोमीटरमध्ये धरला, ०.१ मिलिमीटरहून किंचित जास्त भरला. रोलरची त्रिज्या ४० मिलिमीटर. तुकडा फिल्मखाली आला की तेवढ्यापुरती त्रिज्या ४०.१ होते, म्हणजे पाव टक्का वाढ. ९.०३ मिलिमीटरचा पाव टक्का म्हणजे २२ मायक्रॉन, नोझलच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. तेही एका स्टेपला. एका जागेवर ६ पास पडतात, पहिल्या आणि सहाव्या पासमध्ये ५ स्टेप असतात; त्या पाचही तुकड्यावरूनच गेल्या तर चूक ११० मायक्रॉनपर्यंत साचते. आणि ६० ला ९ ने भागलं की सहा-सात, पांढऱ्या रेघा मोजल्या होत्या तेवढ्याच.

ऑपरेटरची तीन तासांची झटापटही या आकड्यांत मावते. पांढऱ्या रेघा घालवायला त्याने स्टेप साधारण १३ मायक्रॉनने घटवली. त्यामुळे तुकड्यावर असतानाची चूक २२ वरून ९ वर आली, रेघा फिकटल्या, त्याला वाटलं जमतंय. पण उरलेल्या पाऊण फेऱ्यात, जिथे मुळात काहीच चुकत नव्हतं, तिथे आता फिल्म १३ मायक्रॉन कमी सरकू लागली आणि काळपट रेघा उमटल्या. दोन चुकांची सरासरी काढून बरोबर उत्तर मिळवण्याचा तो प्रयत्न होता.

रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसला, गोंदाचा अंश नखाने काढला. ऑपरेटर ब्लेड घेऊन आला होता, त्याला थांबवलं. रोलरच्या खरखरीत थरावर ओरखडा पडला की तोच पुढे दर २५१ मिलिमीटरला दिसणार. पिंच रोलरही पुसले. तीनही साठवलेले आकडे पुसून टाकले आणि स्टेपची चाचणी नव्याने छापून आकडा नव्याने घेतला. तो मूळ आकड्याच्या अगदी जवळ आला.

करड्याचा नवा तुकडा निघाला, समोरून बघितला, रेघ नाही. ऑपरेटरने सुटकेचा श्वास सोडला आणि फिल्म खिडकीजवळ नेऊन तिरकी धरली.

पट्टे. रंगाचे नव्हेत, चकाकीचे. एक पट्टा चकचकीत, शेजारचा मंद.

हे बहुधा आधीपासूनच होतं, मोठ्या दोषाखाली दबलेलं. पुन्हा मोजपट्टी: एका चकचकीत पट्ट्यापासून पुढच्या चकचकीत पट्ट्यापर्यंत १८ मिलिमीटर. दोन स्टेप. हा आकडा दिसला की फार शोधावं लागत नाही. छपाई दोन्ही दिशांनी चालू असते. एका ९ मिलिमीटरच्या पट्ट्यावर पास पडतात उजवा-डावा-उजवा-डावा-उजवा-डावा, आणि त्याच्या शेजारच्यावर डावा-उजवा असे उलट. म्हणजे शेवटचा हात एका पट्ट्यावर डावीकडे जाताना फिरतो, शेजारच्यावर उजवीकडे जाताना. दोन्ही दिशांना शाई सारखी वाळत असेल तर काही कळत नाही. एक बाजू कमजोर असेल तर त्या दिशेला थेंब वाळण्याआधी थोडा जास्त पसरतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चमक वाढते. एकाच दिशेने छापून बघितलं, पट्टे गायब. बाकी कसल्याही शंकेला जागा उरली नाही.

कॅरेजच्या दोन्ही बाजूंना एकेक एलईडी लॅम्प होता, ३९५ नॅनोमीटरचा. दोन्ही बंद करून, थंड झाल्यावर, खालच्या काचा बघितल्या. उजवीकडची स्वच्छ. डावीकडच्या काचेवर शाईच्या तुषारांचा वाळलेला धुरकट थर, आणि तो हेडच्या बाजूला जास्त दाट. दोन्ही लॅम्पच्या शक्तीचे आकडे स्क्रीनवर सारखेच दिसत होते, यात फसायला होतं. तो आकडा वीज किती दिली हे सांगतो, फिल्मवर उजेड किती पोचला हे नाही. (लॅम्प चालू आहे का हे वाकून बघण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. या उजेडाचा बराचसा भाग डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करतो.)

काच पुसल्यावर फरक जवळजवळ संपला. उरलेला थोडासा घालवायला डाव्या लॅम्पची शक्ती दोन-दोन टक्क्यांनी वाढवत छोटे तुकडे छापले, तिसऱ्या तुकड्यावर तिरक्या उजेडातही शिवण दिसेना. एकदिशा छपाई ठेवली असती तरी दोष झाकला गेला असता, पण वेळ दुपटीच्या घरात गेला असता आणि काच तशीच धुरकट राहिली असती.

काच एका बाजूचीच का माखली, हा प्रश्न ऑपरेटरनेच काढला आणि योग्य काढला. हेड आणि फिल्म यांच्यातलं अंतर बघितलं तर जवळपास ३ मिलिमीटर. आधीच्या कुठल्या तरी जाड मीडियासाठी, म्हणजे ज्यावर छापायचं त्या साहित्यासाठी, कॅरेज उचललेलं, ते तसंच राहिलेलं. अंतर वाढलं की बारीक थेंब वाटेतच वेग गमावतात, हवेच्या झोतात भरकटतात आणि जवळची काच गाठतात. डाव्या बाजूला, फिल्म टेबलाला चिकटवून धरणाऱ्या निर्वाताच्या पंख्याची हवा कॅरेजखालून ओढली जात होती, त्यामुळे तुषार तिकडे जात असावेत, असा माझा अंदाज; ते सिद्ध करायला मी थांबलो नाही. अंतर दीड मिलिमीटरवर आणलं, मजकुराच्या कडाही त्याने जास्त ठसठशीत झाल्या. हेडची उंची बदलली की दोन्ही दिशांचा मेळ पुन्हा लावावा लागतो, तोही लावला.

मग पूर्ण ३ मीटरचं काम छापलं. छापून झाल्यावर लगेच, मशीन गरम असतानाच, नोझल चेक पुन्हा काढला. काम सुरू करण्याआधीचा चेक सगळे काढतात, नंतरचा फारसा कुणी काढत नाही. पण छपाईदरम्यान थकणारी नोझल त्यातच सापडतात. काळ्यात एक नोझल किंचित तिरकं मारत होतं. ६ पासमध्ये ते शेजारच्यांनी सावरून घेतलं होतं, त्याची नोंद केली आणि पुसण्यापलीकडे काही केलं नाही.

निघण्याआधी रोलरला डायल गेज (बारीक चढउतार काट्याने दाखवणारं मोजमापाचं उपकरण) लावला. एका पूर्ण फेऱ्यात काटा एकूण ०.०२ मिलिमीटर हलला, म्हणजे केंद्र ०.०१ ने सरकलेलं. रोलर खरोखर थोडासा वाकडा होता तर! हिशोब केला तर स्टेपमध्ये दोन-सव्वादोन मायक्रॉनचा फरक. करड्याचा तुकडा टेबलावर ठेवून डोळे बारीक केले, की दर पाव मीटरला छटा पुसटशी हलल्याचा मला भास होतो. ऑपरेटरला काही दिसत नाही. हातभर अंतरावरून मलाही नाही. रोलर तसाच ठेवला.